एका लायनेल टर्बाइनची दुरुस्ती: काय बदललं, काय ठेवलं आणि का

इंजिन मालकांनी दिलं तेव्हा त्याच्यासोबत एक चिठ्ठी होती: ‘लायनेल ६७१, सन १९४६. मोटर दुरुस्त करावी आणि चुकीचे भाग काढून १९४६चे योग्य भाग बसवावेत.’ जुन्या मॉडेल गाड्यांच्या कामात अशी मागणी नेहमीची. यातला पहिला भाग सोपा असतो. मोटर चालते की नाही हे रुळांवर कळतं. दुसऱ्या भागात मात्र ‘चुकीचा’ कशाला म्हणायचं, इथूनच काम सुरू होतं. या इंजिनात चार वेगवेगळ्या हातांनी, चार वेगवेगळ्या कारणांनी बदल केलेले निघाले. ते सगळे एकाच मापाने मोजले असते तर चांगला भाग काढून टाकला गेला असता आणि खोटा भाग राहून गेला असता.

आधी इंजिनाची ओळख. लायनेल ही अमेरिकन कंपनी जोशुआ लायनेल कोवेन यांनी १९००मध्ये सुरू केली. तिच्या गाड्या न्यू जर्सीत बनत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, खेळण्यातल्या गाड्यांचं उत्पादन थांबलं आणि कारखाना युद्धाच्या कामाला लागला. १९४५च्या अखेरीस गाड्या पुन्हा बाजारात आल्या. १९४६च्या यादीतलं सर्वांत देखणं इंजिन म्हणजे हे टर्बाइन. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९४४मध्ये बाल्डविनकडून बांधून घेतलेल्या एस-२ या इंजिनाची ही प्रतिकृती. मूळ इंजिन एकच बनलं, क्रमांक ६२००. त्यात सिलिंडर-पिस्टनऐवजी वेस्टिंगहाउसची वाफेची टर्बाइन होती आणि चाकांची मांडणी ६-८-६, म्हणजे पुढे सहा, मधे आठ आणि मागे सहा चाकं. ते फार वर्षं धावलं नाही, भंगारात गेलं. त्याची ओ गेजची प्रतिकृती मात्र हजारो घरांत पोहोचली, आणि आज ते इंजिन कसं दिसत होतं हे अनेकांना ठाऊक आहे ते या खेळण्यामुळेच.

ओ गेजमध्ये बाहेरच्या दोन रुळांमधलं अंतर सव्वा इंच असतं आणि मधोमध तिसरा रूळ धावतो. वीज मधल्या रुळावरून येते, इंजिनाखालचे रोलर ती उचलतात, आणि चाकांतून बाहेरच्या रुळांवाटे ती परत जाते. वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते. मोटर सिरीज वाइंडिंगची, त्यामुळे रुळांवरची दिशा उलटवून इंजिन उलटं फिरत नाही. त्यासाठी इंजिनाच्या पोटात एक वेगळी यंत्रणा असते. तिला सगळे ई-युनिट म्हणतात. या प्रकरणातला बराच वेळ तिनेच घेतला.

पहिली पाहणी

खोलायच्या आधी फोटो काढले: वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, आणि तिरप्या उजेडात. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच लोक ते टाळतात. पण एकदा स्क्रू सुटला की त्याच्या डोक्याभोवतीचा रंग तुटतो, आणि तो स्क्रू याआधी कधी सुटला होता का, या प्रश्नाचं उत्तर कायमचं जातं. इथे बॉडीचे स्क्रू अनेकदा सुटलेले दिसत होते. खाचांच्या कडा चुरमडलेल्या होत्या आणि एक स्क्रू तर वेगळ्याच ठेवणीचा होता.

रुळांवर ठेवून १२ व्होल्ट दिले. इंजिन गुरगुरलं, थोडं पुढे सरकलं, अडखळलं. ॲमीटर ४ ॲम्पिअरच्या पुढे गेला. या मोटरला एवढ्या व्होल्टेजवर, डबे नसताना, साधारण २ ॲम्पिअर पुरायला हवेत. वीज तोडून पुन्हा दिली तरी ते पुढेच जाऊ पाहत होतं. खरं तर प्रत्येक वेळी वीज तोडून दिल्यावर क्रम बदलायला हवा: पुढे, थांबा, मागे, थांबा. शिवाय गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यावरून जाताना ट्रान्सफॉर्मरचं संरक्षण तुटायचं. वळणावर नाही, सरळ रुळांवर नाही, फक्त सांध्यावर. हा तपशील मालकांनीच सांगितला होता आणि तो मोलाचा ठरला.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधला ब्रेकर उष्णतेवर चालतो आणि फार सावकाश तुटतो. तोवर इंजिनातली बारीक वायर तापून जळलेली असते. तपासणीसाठी मी रुळांच्या वाटेत एक जलद तुटणारा ब्रेकर घालतो. जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने तो घालावा. त्यामुळे गाडीच्या मूळपणाला काडीचाही धक्का लागत नाही, कारण तो गाडीत नसतोच.

सांध्यावरचा शॉर्ट

इंजिन उलटं करून रोलर पाहिले. एक मूळचा होता, मधोमध झिजून खोबण पडलेला. दुसरा कुणीतरी लेथवर काढून बसवलेला होता. काम नेटकं होतं, पण लांबी जास्त. सरळ रुळांवर त्याने काही बिघडत नव्हतं. सांध्यावर मात्र मधल्या रुळाच्या अगदी जवळ परतीच्या विजेचे धातूचे तुकडे येतात. जास्तीच्या लांबीमुळे रोलर एकाच वेळी दोन्हीकडे टेकायचा. शॉर्टचं कारण इतकंच.

रोलरचा जोड बदलला. नवे रोलर पुनरुत्पादित, म्हणजे मूळच्या मापाने अलीकडे बनवलेले आहेत. झिजलेला मूळ रोलर आणि घरगुती रोलर दोन्ही पाकिटात घालून, वर तारीख आणि जागा लिहून, मालकांना परत दिले. खोबण पडलेला रोलर मूळचा असला तरी परत बसवला नाही. झिजून संपणाऱ्या भागांबद्दल माझं मत ठाम आहे: रोलर, ब्रश, स्प्रिंगा, दिवे हे बदलण्यासाठीच बनवलेले असतात. कारखान्यानेही ते सुटे विकले. त्यांच्या मूळपणाचा हट्ट धरला तर गाडी कपाटातच राहते.

मोटर

मोटर बाहेर काढली. १९४६च्या या इंजिनात ती आडवी बसवलेली असते. १९४७पासून ती तिरपी झाली. म्हणजे निदान चेसिस तरी पहिल्या वर्षाची, हे इथे पक्कं झालं.

गिअरमधलं ग्रीस सुकून मेणासारखं कडक झालं होतं. ते लाकडी काडीने खरवडून, मग खनिज स्पिरिटने धुऊन काढलं. कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या तांब्याच्या भागावर, काळा थर होता आणि त्याच्या तीन पाकळ्यांमधल्या फटी कार्बनच्या भुकटीने भरलेल्या होत्या. त्या भुकटीतून वीज पाकळीवरून पाकळीवर उडी मारते, मोटर तापते आणि जोर मात्र लागत नाही. ४ ॲम्पिअरपैकी बराच भाग इथे वाया जात होता. फटी टूथपिकने साफ केल्या. पृष्ठभाग अगदी बारीक पॉलिश कागदाने, फिरत्या दिशेने. यासाठी कुणी लोखंडी घासणीची लोकर सुचवली तर ऐकू नये. तिचे केसांएवढे तुकडे वाइंडिंगमध्ये शिरतात आणि पुढे कधीतरी शॉर्ट करतात.

मग मल्टिमीटरने पाकळ्यांच्या तिन्ही जोड्यांमधला रोध मोजला. तिन्ही वाचनं जवळपास सारखी आली. याचा अर्थ आर्मेचरचं, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचं, वाइंडिंग शाबूत आहे आणि ते बदलायची गरज नाही. एक वाचन वेगळं आलं असतं तर सगळं प्रकरणच निराळं झालं असतं.

कम्युटेटरवर टेकून वीज देणारे कार्बनचे ब्रश दोन, पण वेगवेगळे. एक मूळचा. दुसरा कुठल्यातरी मोठ्या मोटरचा कार्बन घासून बारीक केलेला. तो नळीत अडकत होता, स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नव्हती, आणि कम्युटेटरवर ठिणग्या पडत होत्या. दोन्ही ब्रश आणि दोन्ही स्प्रिंगा जोडीने बदलल्या. एकच बदलला तर दाब असमान राहतो.

वायरी

वायरींनी या प्रकरणात साक्षीदाराचं काम केलं. मूळच्या वायरींवर रबराचं आवरण असतं. ते दशकांनी ठिसूळ होतं, आणि वाकलेल्या जागी हात लावताच चुरा होऊन पडतं. ई-युनिटकडे जाणाऱ्या वायरी अशाच होत्या. एका जागी तांबं उघडं पडून चेसिसपासून केसभर अंतरावर आलं होतं. पण रोलरकडून येणारी वायर प्लास्टिकच्या आवरणाची, बरीच नंतरची. घरगुती रोलर बसवणाऱ्यानेच ती घातली असावी. दोघांचा डाखही वेगळा: मूळचा आखूड आणि गोल, नंतरचा ओघळलेला.

म्हणजे वायरीचं आवरण आणि डाखाची ठेवण पाहून कुठला हात कधी फिरला याचा अंदाज बांधता येत होता. पुढे धुराच्या यंत्रणेचा निकाल याच पुराव्यावर लागला.

ई-युनिट

ही यंत्रणा दिसायला लहान, पण बुद्धिमान आहे. एका कॉइलमध्ये लोखंडी दट्ट्या असतो. वीज गेली की तो स्वतःच्या वजनाने खाली पडतो, वीज आली की वर ओढला जातो. वर जाताना त्याच्याशी जोडलेला खटका एका छोट्या ढोलाला एक घर पुढे ढकलतो. ढोलावर तांब्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांना तांब्याच्या पातळ जिभा टेकलेल्या असतात: एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला दोन. ढोल कुठल्या घरात आहे त्यावर आर्मेचर आणि फील्ड (मोटरमधलं स्थिर वेटोळं) यांची जोडणी बदलते आणि इंजिन पुढे, मागे जातं किंवा थांबतं.

दट्ट्या स्वतःच्या वजनाने पडतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंजिन टेबलावर पाठीवर ठेवून वीज दिली तर चांगलं ई-युनिटसुद्धा अडकल्यासारखं वागतं, कारण दट्ट्याला पडायला खाली जागाच नसते. ई-युनिट बिघडलंय असं समजून ते खोलणाऱ्या अनेकांच्या बाबतीत बिघाड एवढाच असतो. तपासणी नेहमी चाकांवर उभ्या इंजिनाचीच करावी.

इथे मात्र बिघाड खरा होता. कुणीतरी दट्ट्यात तेल सोडलं होतं. तेल धूळ धरतं, धुळीचा चिकटा होतो आणि दट्ट्या वरच राहतो. ई-युनिटला तेल कधीही देऊ नये. त्यातला एकही भाग तेलावर चालण्यासाठी बनवलेला नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दट्ट्या आणि नळी धुतली. दट्ट्या आपसूक पडू लागला. ढोलाच्या तांब्यावरचा काळेपणा मऊ खोडरबराने काढला.

तरीही मागे जाण्याचं घर लागत नव्हतं. भिंगाखाली कारण दिसलं. चारपैकी एक जीभ टोकाशी झिजून आरपार गेली होती. तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं आणि ढोलाची पट्टी नेमकी त्या भोकाखालून जात होती. इतर तिघी ठीक होत्या. जिभांचा तो चौघींचा संच एकत्र बसतो, म्हणून पूर्ण संच बदलला. काढलेला संच अर्थातच पाकिटात.

नव्या जिभांचा ताण बसवायला वेळ लागतो. दाब कमी पडला तर संपर्क तुटतो, जास्त झाला तर ढोल फिरत नाही. चिमट्याने अगदी थोडं वाकवायचं, ढोल बोटाने फिरवून पाहायचा, पुन्हा थोडं वाकवायचं. घाईत केलेलं हे काम टिकत नाही.

वायरींच्या बाबतीत मात्र मी मूळपणापेक्षा सुरक्षिततेला वर ठेवलं. ठिसूळ वायरी काढून त्याच जाडीच्या, काळ्या आवरणाच्या नव्या लवचीक वायरी घातल्या, जुन्याच वाटेने. जुन्या वायरीचा एक तुकडा नमुना म्हणून ठेवला.

चाकातला स्क्रू

आता सगळ्यांत अवघड जागा. डावीकडच्या मुख्य दांड्याचा स्क्रू मूळचा नव्हता. मूळ स्क्रूला आट्यांच्या आधी एक गुळगुळीत मान असते. दांडा त्या मानेवर फिरतो. इथे कुणीतरी साधा मेट्रिक स्क्रू इंची आट्यांच्या भोकात जोर लावून पिळला होता. दांडा आट्यांवरच घासत होता आणि त्याचं भोक लंबगोल होऊ लागलं होतं. स्क्रू काढल्यावर चाकातल्या आट्यांची भुकटी बाहेर आली.

चाक झिंकच्या मिश्रधातूचं, ओतीव. या धातूला साधा डाख नीट धरत नाही. आणि ३८० अंश सेल्सिअसच्या आसपास तो वितळू लागतो, म्हणून भोक भरून काढायला ज्योत वापरण्याचा प्रश्नच नव्हता. वाटा दोन उरल्या. चाक उपसून पुनरुत्पादित चाक बसवायचं, किंवा भोक मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, घालायचा आणि बुशात मूळ मापाचे आटे पाडायचे.

चाक बदलणं वरवर जास्त ‘योग्य’ वाटतं. पण ही चाकं धुरीवर दाबून बसवलेली असतात. उपसली की पकड थोडी सैल होतेच. शिवाय परत बसवताना डाव्या आणि उजव्या चाकातला नव्वद अंशांचा फरक तंतोतंत जुळवावा लागतो. तो चुकला की दांडे प्रत्येक फेऱ्यात अडतात. एका स्क्रूच्या भोकासाठी मूळ चाक फेकायचं आणि धुरीची पकड पणाला लावायची, हे मला पटत नव्हतं. मालकांशी बोललो. त्यांनी विचारलं, “बुश बाहेरून दिसेल का?” दिसणार नव्हता, कारण दांडा आणि स्क्रूचं डोकं त्याच्यावर येतं. त्यांनी होकार दिला.

बुशाच्या कामात सगळा खेळ भोकाच्या जागेचा. भोक चाकाच्या मध्यापासून जितक्या अंतरावर मुळात आहे तितक्याच अंतरावर राहायला हवं. केसभर सरकलं तरी दांडा अडतो. म्हणून ड्रिल मशिन लावलंच नाही. हाताच्या रीमरने, म्हणजे भोक थोडं थोडं रुंदावणाऱ्या हत्याराने, लहान मापापासून वर, जुन्याच भोकाला वाट दाखवू देत ते वाढवलं. खोली ठरवून दिली, म्हणजे रीमर चाकाच्या मागच्या बाजूला फुटणार नाही. बुश लेथवर काढून घेतला, भोकात घट्ट बसेल पण ठोकावा लागणार नाही अशा मापाचा. ओतीव झिंकला हातोडीचा मार सोसत नाही, विशेषतः भोकाच्या कडेला जिथे धातू पातळ असतो. बुश पकडीच्या द्रवाने चिकटवला. तो द्रव उष्णता दिली की सुटतो, त्यामुळे पुढे कुणाला बुश काढायचा झाला तर काढता येईल. वाढवलेलं भोक मात्र परत लहान होणार नाही. या सगळ्या कामात परत न फिरवता येणारी कृती ही एकच होती आणि नोंदीत ती तशीच लिहिली.

मग आटे, मग मानेचा योग्य स्क्रू. मोटर बाहेर असतानाच चाकं बोटाने फिरवून पाहिली, कारण मोटरचा वर्म (स्क्रूसारखा दाता) गिअरमध्ये गुंतलेला असला की चाकं हाताने मोकळी फिरत नाहीत आणि अडखळणं जाणवत नाही. पूर्ण फेऱ्यात कुठेही अडलं नाही.

धूर: १९४६ की १९४७?

मालकांच्या चिठ्ठीतला ‘चुकीचा भाग’ मुख्यतः हाच होता. १९४६मध्ये लायनेलने पहिल्यांदा धूर सोडणारी इंजिनं आणली. त्या पहिल्या वर्षीच्या यंत्रणेत हीटर नव्हता, एक खास दिवा होता. त्याच्या काचेवर वरच्या बाजूला खळगा असे. धुराड्यातून टाकलेली छोटी गोळी त्या खळग्यात पडायची, दिव्याच्या उष्णतेने वितळायची आणि धूर द्यायची. कल्पना सुंदर, पण धूर बेताचाच निघे. पुढच्याच वर्षी लायनेलने दिवा सोडून रोधतारेचा हीटर घेतला. त्यात चाकांच्या गतीशी जोडलेला पिस्टन हवा ढकलतो आणि धूर भसाभसा, ठेक्यात बाहेर येतो. १९४६चं इंजिन आधीच घेतलेल्यांसाठी कंपनीने बदलसंचही दिला.

या इंजिनात हीटर होता. मालकांचं म्हणणं असं की १९४६च्या इंजिनात दिवाच हवा, म्हणून हीटर काढावा.

मी हीटरचे स्क्रू सैल करण्यापूर्वी भोवतालची जागा भिंगातून पाहिली. गोळ्यांच्या अवशेषांचा पिवळट, मेणचट थर हीटरच्या बैठकीवरून बॉडीपर्यंत सलग पसरलेला होता. कुठेही तुटलेला नाही. बैठकीखालचा काळा रंग स्वच्छ आणि चकचकीत, म्हणजे तिथे धूळ बसायच्या आतच हीटर बसला. हीटरची वायर रबरी आवरणाची आणि ई-युनिटच्या मूळ वायरींइतकीच ठिसूळ. डाखही तसाच आखूड, गोल. ज्याने लांब रोलर आणि प्लास्टिकची वायर घातली त्याचा हा हात नव्हता. हीटर फार लवकर, बहुधा इंजिन नवं असतानाच, जाणत्या हाताने बसवलेला होता.

मग तो ‘चुकीचा’ कसा? ज्या घरात हे इंजिन पहिल्यांदा आलं, तिथे धूर कमी येतो म्हणून कुणीतरी ते दुकानात नेलं असेल. तिथे कंपनीचाच भाग कंपनीच्याच पद्धतीने बसवला असेल. हा या इंजिनाचा स्वतःचा इतिहास आहे. तो काढून आज मिळणारा एखादा दिवा बसवला तर इंजिन यादीतल्या फोटोशी जुळेल, पण स्वतःच्या आयुष्याशी जुळणार नाही. शिवाय खळग्याचे चालू स्थितीतले मूळ दिवे दुर्मीळ आहेत आणि जो सापडेल तो इथे बसवणं म्हणजे ज्या इंजिनात दिव्याची यंत्रणा अजून शाबूत आहे त्याच्या तोंडचा घास काढणं.

हे मालकांना एकदम पटलं नाही. “पण कागदावर १९४६ लिहायचं आणि आत १९४७चा भाग ठेवायचा, हे बरोबर दिसतं का?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर कागदात आहे: तिथे ‘१९४६ची बांधणी, नंतर हीटर बसवलेला, बदल जुना’ असं स्पष्ट लिहायचं. लपवलेला बदल आणि सांगितलेला बदल यांत फरक आहे. फोटो दाखवल्यावर, विशेषतः बैठकीखालचा तो स्वच्छ रंग पाहिल्यावर, त्यांनी हीटर ठेवायला संमती दिली.

हीटरचा रोध सुमारे १६ ओहम आला, म्हणजे तार शाबूत. १२ व्होल्टवर तो साधारण ९ वॉट घेतो, तेवढी उष्णता गोळीला पुरते. धुराच्या कोठीत गोळ्यांच्या अवशेषांत कुणीतरी धुराचं तेलही ओतलं होतं आणि दोन्हींचा घट्ट राब झाला होता. तो काढला. जुन्या उष्णतारोधक अस्तराला मात्र कोरडं खरवडू नये. त्या काळच्या अशा साहित्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. अस्तर ओलं करून, मुखपट्टी लावून, न चुरता काढलं आणि काचतंतूचं नवं घातलं. पिस्टनचा दांडा सरळ केला. धूर ठेक्यात येऊ लागला.

क्रमांक

मोटर, धूर, चाक सगळं झाल्यावर बॉडी पुसायला घेतली, आणि इथे प्रकरणाने वेगळंच वळण घेतलं.

कॅबच्या, म्हणजे चालकाच्या खोलीच्या, बाजूचे आकडे अशा इंजिनांवर रबरी शिक्क्याने उमटवलेले असतात. ते अत्यंत नाजूक असतात. साबणाच्या पाण्याने, कधी नुसत्या ओल्या बोटानेही पुसले जातात. म्हणून मी आधी अतिनील दिव्याखाली पाहतो. काळी बॉडी सगळीकडे सारखी दिसत होती. कॅबच्या दोन्ही बाजूंना, नेमकं ‘६७१’ जिथे होतं तिथे, चौकोनी ठिगळ वेगळ्या छटेत उजळलं. तिथला काळा रंग नंतरचा होता आणि ‘६७१’ त्याच्यावर होतं.

आकडे पुसट झाले म्हणून कुणी परत काढले असतील, हा साधा अर्थ. पण लायनेलने हेच टर्बाइन दोन क्रमांकांनी विकलं. ओ गेजच्या संचांत ६७१, आणि त्याच अंतराच्या पण हलक्या रुळांच्या स्वस्त ओ-२७ संचांत २०२०. इंजिन तेच, आकडा वेगळा. म्हणून ठिगळाखाली काय आहे हे पाहणं भाग होतं. खोली अंधारी करून दिवा बॉडीला जवळजवळ समांतर धरला. उजव्या बाजूला काहीच दिसलं नाही, तिथे रंग देण्याआधी नीट घासलेलं होतं. डाव्या बाजूला ‘१’ या आकड्याच्या पुढे, नव्या रंगाखाली, एक उभट वर्तुळ उठलेलं दिसलं. ‘६७१’मध्ये वर्तुळ नाही, आणि तीन आकड्यांचा शिक्का तिथवर पोहोचतही नाही. ‘२०२०’चं शेवटचं शून्य नेमकं तिथे येतं.

हीटर हा जुना, उघड बदल होता. रोलर आणि स्क्रू या अज्ञानातून झालेल्या दुरुस्त्या. क्रमांकाचं काम मात्र निराळ्या जातीचं. पुसट आकडे परत काढायचे असते तर तेच परत काढले असते. इथे वस्तूची ओळखच बदलली गेली, आणि मालकांना ती तशीच विकली गेली.

मालकांना हे सांगणं जड गेलं. “मग वरचा रंग काढून खालचा आकडा मोकळा करा,” ते म्हणाले. मी नकार दिला. वरचा रंग जो द्रव विरघळवेल तो खालच्या शिक्क्याला आधी विरघळवेल. उजव्या बाजूचा मूळ आकडा तर घासूनच गेलेला आहे. हाती राहिलं असतं ते दोन बाजूंना दोन उघडे डाग आणि पुरावाही नष्ट. नवा ‘२०२०’ शिक्का मारणं हाही पर्याय नव्हता. तो आकडा खरा असला तरी हा तिसरा शिक्का खोटाच ठरला असता.

म्हणून आकडे आहेत तसे ठेवले. तिरप्या उजेडातला फोटो आणि अतिनील दिव्याखालचा फोटो नोंदीला जोडले आणि लिहिलं: ‘कॅबवरील क्रमांक नंतर रंगवलेला, मूळ २०२० असण्याची प्रबळ शक्यता.’ संग्राहकांमध्ये ‘मिंट’पासून ‘पूअर’पर्यंत दर्जा ठरवण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि अमेरिकेतली १९५४मध्ये स्थापन झालेली ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन या दर्जांची व्याख्या प्रसिद्ध करते. पुन्हा रंगवलेल्या वस्तूला मूळ रंगाच्या वस्तूशेजारी बसवता येत नाही. मालकांनी पुढे कधी हे इंजिन कुणाला दिलं तर ही नोंद सोबत जावी, एवढं मी मागितलं आणि त्यांनी मान्य केलं.

टेंडर

टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, त्याबद्दल थोडक्यात. सोबत आलेला टेंडर बारा चाकांचा २६७१डब्ल्यू, १९४८मध्ये आलेला. इंजिन ६७१ धरा की २०२०, १९४६शी तो जुळत नाही. पण टेंडर स्वतः अस्सल आहे आणि त्याच्यावर कुणी हात चालवलेला नाही. त्याला इंजिनाशी ‘जुळवण्यासाठी’ चाकं किंवा अक्षरं बदलणं म्हणजे एका चांगल्या टेंडरचा बळी देणं. त्याची शिट्टी तेवढी दुरुस्त केली. ही शिट्टी खरी हवेची असते, छोटी मोटर पंखा फिरवते. ती सुरू करणारा रिले एसीला दाद देत नाही. रुळांवर एसीच्या जोडीने थोडी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, आली तरच तो ओढला जातो. इथे रिलेच्या संपर्कबिंदूंवर काजळी होती, ती पुसली, मोटरच्या लोकरी वातीला एक थेंब तेल दिलं, आणि शिट्टी वाजली.

मालक आठ चाकांचा योग्य टेंडर सावकाश शोधणार आहेत. तोवर हाच जोडलेला राहील.

सुपूर्त करताना

शेवटच्या तपासणीत इंजिनाने १२ व्होल्टवर, डबे नसताना, सुमारे २ ॲम्पिअर घेतले. सांध्यावरून दोन्ही दिशांनी गेलं, ब्रेकर तुटला नाही. ई-युनिट प्रत्येक वेळी घर बदलतं.

मालकांना तीन पानांची नोंद दिली, आणि तिच्यासोबत पाकिटांची छोटी पेटी: दोन रोलर, दोन ब्रश, स्प्रिंगा, जिभांचा संच, जुन्या वायरीचा नमुना, मेट्रिक स्क्रू. नवे रोलर आणि जिभांचा संच यांवर आतल्या बाजूला बारीक खूण कोरली आहे. पुढे कुणी इंजिन खोललं तर हे भाग मूळचे समजले जाऊ नयेत. देखभालीच्या सूचना मोजक्याच: धुऱ्यांना आणि मोटरच्या बेअरिंगना एकेक थेंब हलकं तेल, गिअरला थोडं ग्रीस, ई-युनिटला काहीही नाही, कॅबच्या आकड्यांना कापडसुद्धा लावायचं नाही. धुराड्यात गोळीच टाकायची, तेल नाही. आणि इंजिन महिन्यातून एकदा तरी चालवायचं, म्हणजे ग्रीस पुन्हा कडक होणार नाही आणि दट्ट्या मोकळा राहील.